पाण्याला वाट

नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांना जरा घराबाहेर पडता यायला लागलं, तशी मी आधी खाडीवर गेले. हातात वही होती. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही तिथे कांदळाची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाची, ६०० रोपं लावली होती आणि टाळेबंदीमुळे कित्येक महिने कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. बांधावर उभी राहिले आणि वही पिशवीत परत ठेवली. समोर घोटाभर काळं पाणी, त्यावर तेलकट तवंग, आणि त्या पाण्यात रांगेने उभ्या असलेल्या काटक्या. जिवंत रोपं मोजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. अकरा होती.

मी बोरिवली पश्चिमेला गोराईच्या म्हाडा वसाहतीत १९९१ पासून राहते. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि २०१८ साली निवृत्त झाले. आमच्या इमारतीमागे छोटी बाग, बागेमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे खाडी. इतकी वर्षं खिडकीतून तिवरांचा, म्हणजे कांदळासारख्याच खाडीतल्या झाडांचा, हिरवा पट्टा दिसायचा, पण त्याच्याकडे नीट पाहिलं ते २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी शाळेत अडकले होते, चाळीसएक मुलांबरोबर पहिल्या मजल्यावर रात्र काढली. त्यानंतर नाले, मिठी नदी आणि तिवरं यांची चर्चा घराघरांत सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनं, म्हणजे खाडीतली अशी जंगलं, तोडायला बंदी घातली. मी वर्गात तो विषय शिकवायला लागले. पण पुस्तकातून शिकवणं वेगळं आणि चिखलात उतरणं वेगळं.

आमच्या पट्ट्याच्या मधोमध अर्धा एकरभर जागा उघडी पडली होती. तिथली तिवरं उभ्या उभ्या वाळली होती. कुणीतरी तोडली असती तर तक्रार करता आली असती, पण कुऱ्हाडीची खूण कुठेच नव्हती. मग आम्हा सात-आठ शेजाऱ्यांना वाटलं, झाडं गेली ना, तर झाडं लावूया. २०१९ च्या जुलैमध्ये एका कंपनीचे कर्मचारी श्रमदानाला आले, कांदळाच्या शेंगा आल्या. कांदळ लावायला फार सोपं. शेंग हातभर लांब असते, झाडावर असतानाच तिला मूळ फुटण्याची तयारी झालेली असते. टोक खाली करून चिखलात खोवायची, झालं. दोन तासांत ६०० शेंगा लागल्या. फोटो निघाले. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

तो अकराचा आकडा घेऊन मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात मासळी घेताना कोळीण मावशींना सगळं सांगितलं. मावशी पलीकडच्या कोळीवाड्यातल्या. लहानपणापासून याच खाडीत चिंबोऱ्या पकडत आल्यात. त्यांनी बोंबील साफ करता करता मान वर न करता विचारलं, "बाय, तिकरं पानी येतं का?"

मी म्हटलं, "भरपूर आहे. घोटाभर साठलंय."

"साठलंय ते इचारत नाय. येतं आनि जातं का?"

त्या प्रश्नाने मी गप्पच झाले. येतं का आणि जातं का, हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतरचा हिवाळा आम्ही एकही रोप न लावता काढला. फक्त पाणी पाहिलं. मावशींनी मला भरतीची वेळ काढायला शिकवली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीच्या आगेमागे भांगाची, म्हणजे सगळ्यात छोटी. पंचवीस वर्षं मी मुलांना चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची आकृती फळ्यावर काढून दाखवली होती, पण कालनिर्णय बघून खाडीत कधी उतरायचं हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पाणी कुठवर चढतं हे कळायला आम्ही बांबूच्या काठ्या रोवल्या आणि त्यांना गेरू फासला. भरती येऊन गेली की जिथवर पाणी लागलं तिथवर गेरू धुतला जातो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काठ्या बघायला गेलो. जिवंत तिवरांमधल्या काठ्या कमरेपर्यंत धुतलेल्या. मेलेल्या जागेतल्या काठ्यांवर मात्र रोवल्या दिवशी होता तेवढाच ओला भाग. भरतीचं पाणी तिथे पोचतच नव्हतं.

मग जमिनीची उंची मापायचं ठरलं. मोठी यंत्रं आमच्याकडे नव्हती. आमच्या इमारतीत दुरुस्तीचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "बाई, त्याला लेव्हल पाइप पुरे." पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक इकडे धरायचं, दुसरं तिकडे. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत राहतं, तिथून जमीन किती खाली ते पट्टीने मोजायचं. लाद्या बसवताना वापरतात तीच युक्ती. रविवारी सकाळी तो स्वतः आला आणि आम्ही चिखलात नळी ताणून तीन तास मापं घेतली.

मेलेली जागा जिवंत तिवरांच्या जागेपेक्षा जवळजवळ एक वीत खोल निघाली. आणि दोन्हींच्या मध्ये काही वर्षांपूर्वी कुठल्याशा कामासाठी टाकलेला राबिटाचा, म्हणजे पाडकामाच्या मलब्याचा, कच्चा रस्ता होता. काम संपलं, माणसं गेली, रस्ता तसाच राहिला. त्याखाली एक मोरी होती, ती गाळाने आणि पिशव्यांनी बुजलेली. मोरीचं तोंडही जमिनीपेक्षा उंच. म्हणजे पावसाचं आणि नाल्याचं पाणी आत शिरायचं आणि बाहेर जायला वाट नसायची.

इथे तिवराबद्दल थोडं सांगायला हवं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर जमिनीतून वर पेन्सिलीसारखी मुळं काढतो. झाडाभोवती ती शेकड्यांनी उभी असतात. ओहोटीला पाणी उतरलं की ही मुळं श्वास घेतात. दिवसातून दोनदा बुडायचं आणि दोनदा उघडं पडायचं, या लयीवर ते झाड जगतं. तीन महिने पाणी हललंच नाही, तर ती मुळं पाण्याखाली गुदमरतात. पुढे उन्हाळ्यात तेच डबकं आटतं, मीठ वर येतं, जमीन पांढरी पडते. पावसाळ्यात गुदमरायचं आणि उन्हाळ्यात मिठाने जळायचं. तीस-तीस वर्षांची झाडं जिथे तगली नाहीत, तिथे आम्ही कोवळ्या शेंगा खोवल्या होत्या.

समुद्राच्या सरासरी पातळीपासून ते सगळ्यात मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंतचा जो अरुंद पट्टा, तेवढ्यातच कांदळवन वाढतं. ही गोष्ट मी वाचली होती. पण एका वितीत झाड जगतं की मरतं हे त्या नळीने दाखवलं.

आता काय करायचं ते दिसत होतं, पण खाडीत पावडा मारायलाही परवानगी लागते. लागायलाच हवी. २०१८ च्या निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्कावर घाला मानला आहे आणि भोवतीची ५० मीटर जागाही राखायला सांगितली आहे. राज्याने २०१२ साली कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला, तिकडे आम्ही अर्ज केला, सोबत गेरूच्या काठ्यांचे फोटो आणि नळीची मापं जोडली. उत्तराची वाट बघत असताना वादळ आलं.

१७ मे २०२१. तौक्ते मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर, मे महिन्यात सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस. पूर्वी अरबी समुद्रातल्या वादळांचं आम्हाला एवढं भय नव्हतं. आदल्या वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळ अलिबागजवळ आदळलं होतं आणि वर्षाच्या आत हे दुसरं. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललंय, त्यातून वादळांना बळ मिळतंय, हे आता हवामानशास्त्रज्ञ स्पष्ट सांगतात. आमच्या बागेतला गुलमोहर त्या दिवशी मुळासकट पडला. भिंतीपलीकडची तिवरं वाकली, पानं झडली, पण एकही उन्मळलं नाही.

चार दिवसांनी खाली उतरलो तेव्हा राबिटाच्या रस्त्याचा एक कोपरा लाटांनी खाल्लेला होता. दोन-अडीच हात रुंदीची फट पडली होती. त्या फटीतून भरती आत येत होती आणि ओहोटीला बाहेर जात होती. मावशी तिथे ओणव्या होऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "दर्यानं तुमचा अर्ज मंजूर केला."

त्या पावसाळ्यात आम्ही काही केलं नाही. सप्टेंबरमध्ये त्या फटीच्या आतल्या बाजूला, पंख्यासारख्या पसरलेल्या जागेत, तिवराची रोपं उगवली. कुणी लावली नव्हती. फट जिथवर पाणी पोचवत होती तिथवरच रोपं होती, त्यापुढे एकही नाही. खडूने रेघ मारावी इतकी ती सीमा स्वच्छ होती. मी त्या रेघेपाशी बसले आणि मला रडू आलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पैसा आणि माणसं गोळा करून जे करू शकलो नव्हतो, ते पाण्याला दोन हात वाट मिळताच आपोआप झालं होतं.

परवानगी त्यानंतर आली. अटी कडक होत्या: यंत्र आणायचं नाही, एकाही जिवंत झाडाला धक्का नाही, आणि काम चालू असताना वनरक्षक हजर हवा. फेब्रुवारी ते मे २०२२, दर अष्टमीच्या आगेमागे आम्ही उतरायचो, कारण भांगाच्या भरतीचं पाणी त्या उंचीला चढत नाही आणि दुपार मोकळी मिळते. पावडे, घमेली आणि साखळी करून उभी असलेली माणसं. राबिटात काय नव्हतं! फुटक्या लाद्या, संडासाच्या भांड्यांचे तुकडे, सळया, कुणाच्या तरी मोडलेल्या स्वयंपाकघराचा काळा कडप्पा. पायात गमबूट घालून आलेले पहिल्याच दिवशी बूट चिखलात सोडून बाहेर आले. मग सगळ्यांनी मावशींचं ऐकलं, जुने कॅनव्हासचे बूट घालून वरून सुतळी बांधली. अनवाणी उतरणाऱ्यांचे पाय कालवांच्या शिंपल्यांनी कापले. माझ्या डाव्या टाचेवर त्याची खूण आहे.

चर कुठून काढायचा यावर आमच्यात मतभेद झाले. आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्याचं म्हणणं, सरळ काढू, अंतर कमी. मावशी ठाम होत्या, वळणाने जायचं. त्या तरुण असताना तिथून खाडीचा एक फाटा जायचा, त्यातून त्यांच्या वडिलांची होडी जात असे. आम्ही जुनी उपग्रहचित्रं काढून पाहिली. फाटा होता, आणि अगदी मावशींनी काठीने चिखलावर काढून दाखवला त्याच वळणाचा. सरळ चरात पाणी जोराने धावतं आणि काठ कापत जातं, वळणावर ते मंदावतं, गाळ टाकतं. अभियंत्यांनी स्वतःहून आपला नकाशा बाजूला ठेवला आणि जुन्या वळणावर चुन्याची फक्की टाकली.

चर खोल करायचा नव्हता. आतलं शेवटचं पाणी ओहोटीला निघून जाईल, एवढाच उतार हवा होता. दर दोन पावलांवर नळी लावून बघत गेलो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तोंड उघडलं. अमावास्येच्या भरतीला आम्ही सगळे बांधावर उभे होतो. पाणी आवाज न करता आलं. आधी चराच्या तळाशी एक काळी ओली जीभ सरकत आली, तिच्यापुढे फेसाची आणि वाळक्या पानांची कड, मग निवट्या, चिखलावर फिरणारे ते छोटे मासे, उड्या मारत आल्या, आणि अर्ध्या तासात मेलेल्या झाडांच्या बुंध्यांना पाणी लागलं. संध्याकाळी ते उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं.

जुलै-ऑगस्टात तिवराला फळं धरतात. फळ अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, चपटं, राखाडी हिरवं, एका टोकाला चोच. पाण्यात पडल्यावर वरची पातळ साल सुटते आणि आत निघतं ते हुबेहूब सोललेल्या वालाच्या डाळिंबीसारखं, दोन जाड हिरव्या पाकळ्या एकमेकींत घडी घालून बसलेल्या. रुजण्याची सुरुवात झाडावरच झालेली असते. काही दिवस ते तरंगतं, आणि ओहोटीत चिखलावर टेकलं की मुळं सोडतं. पावसाने खाडीचं पाणी तेव्हा कमी खारट झालेलं असतं, कोवळ्या रोपाला ते सोसतं. बी तयार होण्याची वेळ आणि पाणी गोडावण्याची वेळ अशी जुळलेली आहे. म्हणून पाऊस लांबला, किंवा महिन्याचा पाऊस चार दिवसांत पडून मध्ये ऊन तापलं, की मला आता धडकी भरते.

आमचं त्या पावसाळ्यातलं काम एकच, प्लास्टिक काढणं. दुधाच्या पिशव्या, तांदळाची पोती त्या पेन्सिलीसारख्या मुळांवर अडकतात, एक मोठं पोतं शंभर मुळांचा श्वास बंद करतं, आणि बी खाली चिखलापर्यंत पोचत नाही. दर उधाणानंतर जायचो आणि दर वेळी तितकंच निघायचं. अजूनही निघतं. याचा शेवट खाडीत होणार नाही, तो नाल्याच्या वरच्या बाजूला व्हायला हवा, आणि तिथे आम्ही कमी पडतोय.

ऑक्टोबरमध्ये बांबूच्या मीटरभर चौकटी टाकून रोपं मोजली. कुठे ३, कुठे ४०, चराच्या काठाला तर मोजता येईना इतकी. त्याच महिन्यात मोठी तिवरं एकदम तपकिरी पडली, पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. मला पहाटेपासून फोन, बाई, कुणी विष टाकलं का? विष नव्हतं. हायब्लिया नावाच्या पतंगाच्या अळ्या, सागाची पानं खातात त्याच, पावसाळा सरता सरता तिवरांवर येतात. झाडाला नवी पानं फुटतात. महिन्याभरात पट्टा पुन्हा हिरवा झाला. औषध मारायला निघालेल्या मंडळींना थांबवणं हे त्या वर्षीचं माझं सगळ्यात अवघड काम होतं.

२०२४ पर्यंत तिवराची रोपं कमरेएवढी झाली. चराच्या आतल्या टोकाला चिप्पी हे कांदळवनातलं आणखी एक झाड उगवलं, ते आम्ही लावलं नव्हतं. चिप्पीला थोडं गोडं पाणी लागतं. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाच्या बाजूने निघून मनोरीच्या खाडीला मिळते. डोंगरावरचं जंगल जितकं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, तितकं खाडीच्या जंगलाला गोडं पाणी मिळतं. ही दोन जंगलं एकच आहेत असं मी आता मुलांना सांगते. उघड्या जागेत चिंबोऱ्यांची बिळं परत आली आणि मावशींची सून आता तिथे गळ घेऊन जाते. ते अकरा कांदळही आहेत. दोन माझ्या उंचीचे झालेत.

आता जे उरलंय ते सगळ्यात कठीण. गेल्या तीसएक वर्षांत जगभर समुद्राची पातळी सरासरी १० सेंटीमीटरच्या आसपास वाढली आहे. दहा सेंटीमीटर म्हणजे आमच्या नळीच्या मापाने जवळजवळ अर्धी वीत. एका वितीने काय झालं ते मी पाहिलंय. कांदळवन याला दोन तऱ्हांनी तोंड देतं. मुळांत गाळ धरून स्वतःची जमीन उंचावतं, नाहीतर पिढी-पिढीने जमिनीकडे सरकतं. नद्यांना भिंती घालून आपण गाळाची वाट बदलली. आणि सरकायला मागे जागा हवी, तिथे आमची भिंत आहे.

आमच्याच सोसायटीची. गेल्या वर्षीच्या सभेत एक सभासद तावातावाने म्हणाले, "पाणी तुम्ही आणलंत, आता ते भिंतीला लागतंय." मी त्यांना गेरूच्या काठ्या दाखवल्या. आधी पावसाळाभर तिथेच पाणी कुजायचं, डासांनी खिडक्या उघडता येत नव्हत्या. आता येतं ते सहा तासांत उतरतं, आणि त्याबरोबर येणारे बारके मासे डासांच्या अळ्या खातात. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. पण यंदा ऑगस्टच्या उधाणाला ते स्वतः गच्चीतून भरती बघत उभे होते.

भिंतीच्या पायाशी, सिमेंटच्या फटीपासून अडीच पावलांवर, तिवराचं एक रोप आलंय. सहा पानांचं. पानांवर सकाळी मिठाचे कण दिसतात, हात लावला तर बोटाला लागतात. आम्ही अर्ज दिलाय की ती भिंत दहा फूट मागे घ्यावी, बागेतला फरशीचा पट्टा जाईल आणि दुचाकींच्या सहा जागा. त्यातली एक माझी आहे, ती मी लेखी सोडलीये. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. गवंड्याला नळी घेऊन बोलावलंय, सभासदांना खाली नेऊन माप त्यांच्याच हातांनी घ्यायला लावणार आहे. तिथी षष्ठी आहे, म्हणजे भरती साडेचारला. सभा चारची ठेवली आहे.